सोललेली काटकी

रविवारी जेवणं झाल्यावर सुधीर बडीशेप चघळत गॅलरीत आला आणि आईच्या हातातली काटकी बघून दारातच थांबला. आई तुळशीच्या कुंडीला टेकून फतकल मारून बसली होती आणि भाजीच्या सुरीने काटकीची साल काढत होती. बोटभर लांबीची काटकी, खालच्या बागेतल्या मेंदीच्या कुंपणाची असावी. साल निघाली तसं आतलं पांढरं, ओलसर लाकूड दिसायला लागलं. आईने अंगठा फिरवून गुळगुळीत झालं का ते पाहिलं, एक टोक जरा निमुळतं केलं. "जुनी कुटं गेली कुणास ठावं," ती मान वर न करता म्हणाली, "म्हनून नवी करतीया. दाराला लागती." बडीशेप सुधीरच्या तोंडात तशीच राहिली. जुनी कुठे गेली ते त्याला पक्कं ठाऊक होतं. ती सोसायटीच्या ऑफिसात, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत होती. पिशवीवर 'पुरावा' असं त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. तिचा फोटो महाळुंग्याच्या या चारही इमारतींतल्या घराघरांत, प्रत्येकाच्या फोनमध्ये होता, भोवती लाल गोल काढलेला. तो गोल त्याने स्वतःच्या बोटाने काढला होता. आणि त्या काटकीपायी घरकामाच्या कमळला फाटकावरून परत पाठवून आता बरेच दिवस झाले होते.

आधी त्याला वाटलं, आपल्याला राग आलाय. म्हातारीला सांगायला काय झालं होतं? पण राग फार वेळ टिकेना, हात लावावा आणि भिंतीचा पोपडा पडावा तसा तो गळून पडला. मागे जे उघडं पडलं ते सुधीरला बघायचं नव्हतं. तो आत आला, पाणी प्याला, पुन्हा दारात जाऊन उभा राहिला. त्याची बायको जुईली आत पलंगावर पडल्या पडल्या फोन बघत होती. तिला आत्ता हाक मारावी, सांगावं, असं त्याला वाटलं. पण सांगायचं म्हणजे पहिल्यापासून सांगायला हवं होतं, आणि पहिलं म्हणजे काय, हेच त्याला नेमकं लावता येईना.

पहिलं म्हणजे ते कुलूप धरावं. दिवाळीनंतर पलीकडच्या इमारतीतला एक फ्लॅट फुटला, दागिने गेले, पोलीस येऊन पंचनामा करून गेले. आणि तोवर शेजाऱ्याचं नावही माहीत नसलेले लोक एकाएकी एकमेकांच्या दारांची चौकशी करू लागले. सभेत सुरक्षा समिती नेमायची ठरली तेव्हा कुणीच हात वर करेना. सुधीरने केला. हिंजवडीतल्या ऑफिसात तो पुष्कळ मॅनेजरांतला एक होता, त्याचं मत कुणी विचारलंच तर ते चहा कुठून मागवायचा एवढ्यापुरतं. इथे मात्र लोक लिफ्ट थांबवून विचारायला लागले, बोटाचं कुलूप चांगलं की चेहऱ्याचं? दाराला कॅमेरा वर लावावा की खाली? पोरीला स्थळं बघावीत तशी त्याने कुलपं बघितली. आधी स्वतःच्या दाराला बसवून घेतलं. काळंभोर, कडी नाही, किल्ली नाही. बोट ठेवलं की उघडायचं, दार ओढलं की आपलं आपण लागायचं, आणि बराच वेळ नीट लागलं नाही तर फोनवर ओरडायचं. लिफ्टमध्ये त्याने सूचना चिकटवली होती: साधं कुलूप असेल त्यांनी ते लावल्यावर एकदा ओढून पाहावं. तीही आता त्याला आठवली.

कुलूप बसवायला आलेल्या माणसाने आईचं एकेक बोट त्या काचेवर ठेवून पाहिलं. जन्मभर चिखलात रोपं रोवलेली बोटं ती, यंत्राला त्यांच्यावर काही सापडेना. तो माणूस शेवटी कंटाळून हिंदीत म्हणाला, माताजींना नंबरच देऊन टाका. सुधीरने आईला सोपा जावा म्हणून स्वतःच्या जन्मतारखेचा नंबर दिला. "माझी जन्मतारीख आहे, विसरशील कशी?" असं हसून म्हणालाही होता. आईने मान हलवली. आता, दारात उभ्या उभ्या, त्याच्या ध्यानात आलं की आईला ती तारीख कधीच माहीत नव्हती. आईच्या लेखी तो नागपंचमीच्या आदल्या दिवशी झाला, दुपारची भाकरी थापताना कळा सुरू झाल्या तेव्हा. जून महिन्यातली ती तारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावली, बाकी सगळ्या पोरांना लावली तशीच. आई त्या दिवशी मान हलवून गप्प बसली. आपल्याच लेकाची तारीख येत नाही असं परक्या माणसासमोर कसं सांगायचं, म्हणून बसली असणार. तो मात्र खूश होऊन दाराचा फोटो काढत होता.

आणि मग तो दिवस. ऑफिसात बसल्या जागी फोनवर इशारा आला, दार बराच वेळ नीट लागलेलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा. तो मीटिंग सोडून आला. दार वरवर लागलेलं होतं, पण हाताने ढकललं तसं उघडलं. चौकटीत कुलपाची जीभ जिथे जाऊन बसते त्या भोकात काहीतरी घट्ट खुपसलेलं होतं. आत आई झोपलेली, जुईली कामावर, कमळ भांडी घासून नुकतीच गेलेली. त्याने नखांनी उकरून ते बाहेर ओढलं. सोललेली काटकी. ती त्याच्या तळहातावर होती आणि बोट आपसूक तिच्यावरून फिरलं. गुळगुळीत. एक टोक निमुळतं.

कासारसाईकडच्या त्यांच्या घराला कडी-कोयंडा होता, कुलूप होतं की नाही हे त्याला आठवत नव्हतं. रानात जाताना आई कडी घालायची आणि कोयंड्यात काटकी खुपसायची. ती माणसांसाठी नव्हती. शेळी, कुत्रं आत शिरू नये एवढ्यापुरतीच. आला-गेला काटकी काढायचा, आत जाऊन माठातलं पाणी प्यायचा, कुणी उन्हाचा घटकाभर आडवाही व्हायचा, आणि जाताना काटकी परत लावून जायचा. दिवसाढवळ्या कुलूप लावतो तो एकतर परगावी गेलेला नाहीतर भावकीत भांडलेला, असं आई म्हणायची. काटकी सोलायचं काम सुधीरचं होतं. साल ठेवली तर पावसाळ्यात ती ओल धरून फुगते आणि कोयंड्यात अडकून बसते, म्हणून सोलायची. कोयंड्यात सहज जावी म्हणून एक टोक निमुळतं करायचं. शाळेतून आला की तीच काटकी काढून तो घरात शिरायचा. कधी कधी ती दातात धरूनच भाकरी शोधायचा. तिची चव त्याला आत्ताही सांगता आली असती.

मग त्या दिवशी ओळखली का नाही? या प्रश्नापाशी येऊन तो मागे फिरायचा, गेले कित्येक दिवस फिरत होता, नुसतं प्रश्नाचं तोंड पाहिलं नव्हतं एवढंच. ओळखली असं म्हणता आलं नसतं. ओळखली नाही असंही नाही. बोटाने ओळखली होती. बोट तिच्यावरून फिरलं तेव्हा क्षणभर काहीतरी ऊबदार वाटलं होतं, आणि लगोलग त्याला त्याची लाज वाटली होती. सुरक्षा समितीच्या प्रमुखाच्या घरात, एवढ्या कुलपाच्या दाराला, काटकी! लोक हसतील. म्हणून दुसऱ्या हाताने फोन काढला होता, आणि तो जरा जास्तच घाईने काढला होता. फोटो निघाला, लाल गोल निघाला, की ती काटकी कोयंड्यातली राहिली नाही, चोराची झाली. चोराची झाली म्हटल्यावर चोर हवा, आणि दारातून जाऊन-येऊन असणारी घराबाहेरची अशी एकच बाई होती.

कमळ मुळशीच्या पल्याडची, डोंगरातल्या एका वाडीवरची. आईचं माहेर त्याच अंगाला, म्हणून ती आईला आत्या म्हणायची. फरशी पुसता पुसता दोघींच्या गप्पा चालत, कुठली करवंदं गोड, कुणाची म्हैस व्यायली. सुधीरला त्यातलं निम्मं कळायचं आणि निम्मं न कळल्याचं दाखवायला बरं वाटायचं. कमळला दाराचा नंबर दिलेला होता, तेव्हा तिला काटकी घालायची गरजच काय, असं जुईलीने विचारलं होतं. तुला खात्री आहे ना, असंही विचारलं होतं. त्यावर त्याने एक उत्तर शोधून काढलं: नंबर वापरला की कुलूप त्याची नोंद ठेवतं, काटकीची नोंद कुठे राहते? उत्तर इतकं झोकदार होतं की त्याला स्वतःलाच पटलं. सभेत त्याने ते पुन्हा म्हणून दाखवलं, लोकांनी माना डोलावल्या. कमळला बोलवा, विचारा, असं कुणी म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमनने तिला फाटकावर अडवलं आणि सुधीर खाली गेला. ती रडली नाही, भांडलीही नाही. तो पिशवी दाखवून बोलत होता आणि ती पिशवीतल्या काटकीकडे बघत होती. मग तिने त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ. "दादा, ही काटकी तुमी नीट बगितली का?" एवढंच तिने विचारलं. त्याला तो उद्धटपणा वाटला. बघितली, असं म्हणून त्याने फोनमध्ये डोकं घातलं. तिने पदर खोचला आणि ती गेली. त्या दिवसापासून सोसायटीतली तिची बाकीची घरंही सुटली. आईला त्याने सांगितलं, कमळने दुसरीकडे काम धरलं. आई म्हणाली होती, "मला न सांगता कशी गेली?" आणि मग रोज एकदा तरी म्हणत राहिली.

"आई," तो आता गॅलरीत तिच्यासमोर बसला. "दारात काटकी कशाला घालत होतीस?" आईने सुरी खाली ठेवली. एकदा रांगोळी घालायला म्हणून ती बाहेर गेली होती, वारा आला, दार लागलं. बोट ठेवलं तर ते टीं टीं करायला लागलं, नंबर दाबला तर पुन्हा टीं टीं. घरात कुणी नाही, पायात चप्पल नाही. ती जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. जाणाऱ्या-येणाऱ्या बायकांतल्या एकीने विचारलं, मावशी, कुणाकडे कामाला? पास कुठाय? "मग मी म्हनलं, हाय हितंच," आई म्हणाली. "तुजं नाव सांगितलं असतं तर तुलाच खाली बघाया लागलं असतं. जुईली आली तवा म्हनलं, आत्ताच भाईर आलीया." नंतर ती बाहेर पडताना काटकी घालायची आणि आत आली की लगेच काढायची. तेवढ्या एका दिवशी काढायची राहिली आणि डोळा लागला.

आईने तोंड उघडलं नाही ते त्याची लाज राखायला. सुधीरच्या कानशिलांत ऊन चढलं. त्याने सांगून टाकलं. फोटो, पिशवी, फाटक, सगळं. आई ऐकत राहिली. तिचा चेहरा बदलला नाही, हातातली काटकी तेवढी मुठीत गेली. "फोटू काढला तवा तुला वळाकली न्हाई?" तिने विचारलं. "नाही," सुधीर म्हणाला. आईने त्याच्याकडे पाहिलं, मग कुंडीकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली. "चल, घाल चप्पल."

कमळ राहायची ती हैबतरावांच्या पत्र्याच्या खोल्यांत, मुख्य रस्त्यामागे, दोन टोलेजंग इमारतींच्या मधल्या पट्टीत. हैबतरावांनी रान विकलं तेव्हा तेवढी पट्टी ठेवून खोल्या काढल्या होत्या. गाडी लांब लावून माय-लेक बोळातून चालत गेले. दारं एकाला एक लागून, बहुतेक उघडी, कुठे पडदा, कुठे पोर. जी बंद होती त्यांच्या कोयंड्यांत काटकी, कुठे चमचा, कुठे तारेचा तुकडा. सुधीर ते बघायचं नाही म्हणून पायाखाली बघत होता. शेवटच्या दारापाशी आई थांबली. त्या दाराला कुलूप होतं. नवंकोरं, पिवळंधमक, त्या पत्र्याच्या दाराला न शोभणारं. आईने ते हातात घेऊन वजन केल्यासारखं वरखाली केलं आणि सोडून दिलं. मग पायरीवर बसली. शेजारची बाई म्हणाली, येईल आत्ता, किराणा आणायला गेलीय.

कमळ आली. आईला बघून तिचा चेहरा उजळला, सुधीरला बघून मिटला. ती पिशवी खाली ठेवून आईच्या पाया पडली. गळ्यातल्या दोऱ्याला अडकवलेल्या किल्लीने तिने दार उघडलं, आईला आत बसवलं, पाणी दिलं. सुधीर उंबऱ्याबाहेर उभा. त्यालाही तिने पेला दिला, हात लांब करून. आत एक चूल, दोन ट्रंका, भिंतीला टांगलेल्या पिशव्या, एवढंच दिसत होतं.

"एवढं कुलूप कशाला गं, कमळे?" आईने विचारलं. "तुज्या घरात न्ह्यायला काय हाय?"

"न्ह्यायला काय न्हाई, आत्या," कमळ म्हणाली. "कुनी आनून ठिवलं तर? चोरीचं एक भांडं कुनी आत टाकलं की झालं. एकदा नाव लागलंया."

बाहेर कुणाचा तरी टीव्ही चालू होता. मग आईने मूठ उघडून नवी काटकी तिच्यापुढे धरली. दारातली ती जुनी माझी होती, असं सांगितलं. कमळने मान हलवली, तिला नवल वाटलं नाही. मग तू तेव्हाच का बोलली नाहीस, असं आईने जरा रागानेच विचारलं. कमळने उत्तर आईला दिलं, पण बोट सुधीरकडे केलं. "मी काय बोलायचं? त्यांनी बी सोलल्याच असतील की ल्हानपनी. मी इचारलं बी, नीट बगितली का म्हनून. व्हय म्हनले. मला वाटलं, आईचं नाव झाकत्यात. मग मी कशाला उगडं करू?"

आई सुधीरकडे वळली नाही. तिने नुसता पेला खाली ठेवला, सावकाश, आवाज न करता. गॅलरीत म्हटलेलं ते 'नाही' आता खोलीच्या मधोमध पडलेलं होतं आणि तिघांनाही दिसत होतं. आपल्याला कुणीतरी चार शिव्या घालाव्यात असं सुधीरला मनापासून वाटलं. कुणी घातल्या नाहीत. "चुकलं माझं," तो म्हणाला. कमळ म्हणाली, "मला म्हनून काय उपेग, दादा? जितं म्हनलात तितं म्हना."

त्याने फोन काढला. सोसायटीच्या ग्रुपवर लिहायला लागला तशी बोटं सराईतपणे चालू लागली. 'काही दिवसांपूर्वीच्या घटनेबाबत असे निदर्शनास आले आहे की सदर काटकी घरातीलच कुणीतरी अनवधानाने...' कमळ म्हणाली, वाचा मोठ्यानं, मला वाचता येत नाही. त्याने वाचलं. "कुनीतरी म्हंजी कोन?" आई म्हणाली. "माजं नाव लिव." त्याने सगळं खोडलं. धोंडाबाई, माझी आई, असं लिहिलं, आमचं कुलूप तिला उघडता येत नव्हतं असं लिहिलं, कमळचा काहीही दोष नव्हता असं लिहिलं, आणि वाचून दाखवलं. दोघी ऐकत होत्या. वाचून झाल्यावरही दोघी ऐकतच राहिल्या. "आनी?" आई म्हणाली.

त्याने लिहिलं: काटकी हातात घेतली तेव्हाच मला ओळखू आली होती, तरी मी बोललो नाही. हे वाचताना त्याची मान वर झाली नाही. पण वाचलं, आणि पाठवलं. फोन हातात धरून तो उभा राहिला. कुणीतरी खडे बोल सुनावेल, कुणी पदावरून उतरा म्हणेल, त्याची त्याने तयारी ठेवली होती. लोकांनी वाचल्याच्या खुणा एकेक करून उमटत गेल्या. पहिलं उत्तर आलं ते चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांचं. म्हणजे तुमच्या कुलपात दोष नाही ना, कारण आम्ही तेच मागवलंय, असं त्यांनी विचारलं होतं.

उद्यापासून फाटकावर कुणी अडवणार नाही, बाकीच्या घरी मी स्वतः जाऊन सांगतो, असं तो म्हणाला. कमळ येईन म्हणाली, काम तर करायलाच हवं. "पर तुमच्या घरी न्हाई यायची, आत्या. तुमी हिकडं येत जावा." आईने हो म्हटलं. काटकी तिथेच ठेवावी की न्यावी, असा घोटाळा आईच्या हातात क्षणभर झाला. मग तिने ती कमरेला खोचली.

ते निघाले तेव्हा कमळही हंडा घेऊन बाहेर पडली. तिला पाणी भरायचं होतं. नळ बोळाच्या तोंडाशीच होता, दारातून स्वच्छ दिसत होता. तरी तिने हंडा खाली ठेवला, कडी घातली, कुलूप लावलं आणि ते ओढून पाहिलं. मग सुधीरकडे न बघता तिने ते पुन्हा एकदा ओढून पाहिलं.